दुसऱ्या महायुद्धाची वाट : हुकूमशाहीचा उदय आणि मुत्सद्देगिरीचे अपयश

१ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे जर्मन सैन्याने पोलंडवर आक्रमण केले. ३ सप्टेंबर रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि पहिले महायुद्ध संपून एकवीस वर्षेही पूर्ण झाली नसताना जग दुसऱ्या महायुद्धात लोटले गेले. सहा वर्षे चाललेल्या या संघर्षात सहा कोटींहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

हे युद्ध अचानक उद्भवलेले नव्हते. त्यापूर्वीच्या आठ वर्षांत परिषदा, करार, निषेधाचे ठराव आणि शिष्टमंडळांचे दौरे यांची वाण नव्हती. वाटाघाटी भरपूर झाल्या. परंतु दिलेले वचन पाळण्यासाठी किंमत मोजण्याची तयारी कोणत्याही मोठ्या राष्ट्राची नव्हती. ती किंमत पुढे अनेक पटींनी, आणि बऱ्याचदा ज्यांना कोणी विचारले नव्हते अशा देशांना मोजावी लागली.

हुकूमशाहीची पाळेमुळे

पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी झालेल्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे सैन्य एक लाखापर्यंत मर्यादित केले आणि तिच्यावर युद्धाची नुकसानभरपाई लादली. या तहाविषयीचा संताप जर्मनीत खोलवर रुजला. तरीही केवळ या संतापाने नाझी पक्ष सत्तेवर आला नाही. १९२८ च्या निवडणुकीत या पक्षाला तीन टक्केही मते मिळाली नव्हती. १९२९ च्या जागतिक मंदीने चित्र पालटले. १९३२ च्या आरंभी जर्मनीतील बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये नाझी पक्ष ३७ टक्के मते मिळवून संसदेतील सर्वांत मोठा पक्ष ठरला.

३० जानेवारी १९३३ रोजी ॲडॉल्फ हिटलर घटनात्मक मार्गानेच चॅन्सेलर झाला. फेब्रुवारीअखेर संसद भवनाला लागलेल्या आगीचे निमित्त करून नागरी स्वातंत्र्ये स्थगित करण्यात आली. मार्चमध्ये संसदेला वगळून कायदे करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्या ठरावाविरुद्ध केवळ सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या ९४ सदस्यांनी मत दिले. जुलैमध्ये अन्य सर्व पक्ष बेकायदा ठरले. लोकशाही मोडीत काढण्यास सहा महिनेही लागले नाहीत.

इटलीत बेनिटो मुसोलिनी १९२२ मध्येच सत्तेवर आला होता. जपानमध्ये एका व्यक्तीची हुकूमशाही नव्हती; तेथे सत्ता हळूहळू लष्कराच्या हाती गेली. मे १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांची हत्या केली आणि पक्षीय मंत्रिमंडळांचा काळ तेथे संपुष्टात आला.

या तिन्ही राजवटींत एक साम्य होते. युद्धाच्या धोक्याबद्दल सावध करणारे आवाज त्यांनी एकेक करून बंद केले. फेब्रुवारी १९३८ मध्ये हिटलरने युद्धमंत्री व सेनाप्रमुखांना दूर करून सैन्याची सूत्रे स्वतःकडे घेतली. झेकोस्लोव्हाकियावर हल्ला केल्यास मोठे युद्ध भडकेल, असा इशारा देणारे लष्करी अधिकारी लुडविग बेक यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला. देशांतर्गत अंकुश नाहीसा झाल्यावर उरला तो केवळ बाह्य अंकुश.

राष्ट्रसंघाची कसोटी

हा बाह्य अंकुश ठेवण्याची जबाबदारी १९२० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रसंघावर होती. एका सदस्यावरील आक्रमण हे सर्वांवरील आक्रमण मानावे, हे त्याचे मूलतत्त्व. मात्र राष्ट्रसंघाकडे स्वतःचे सैन्य नव्हते आणि अमेरिका त्याची सदस्य झालीच नाही.

पहिली मोठी कसोटी सप्टेंबर १९३१ मध्ये आली. जपानी सैन्याने चीनच्या मांचुरिया प्रांताचा ताबा घेण्यास सुरुवात केली. पूर्वी बंगालचे गव्हर्नर राहिलेले लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल येईपर्यंत एक वर्ष उलटले आणि तोवर जपानने तेथे आपल्या अंकित राज्याची स्थापनाही केली. फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघाने ४२ विरुद्ध १ अशा मतांनी अहवाल स्वीकारला. विरोधातील एकमेव मत जपानचे होते. जपानी प्रतिनिधी सभागृहातून निघून गेले आणि जपानने राष्ट्रसंघच सोडला. त्यापलीकडे काहीही घडले नाही.

दुसरी कसोटी इथिओपियाची. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने या देशावर आक्रमण केले. राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. परंतु युद्धयंत्रणेला सर्वाधिक आवश्यक असलेले खनिज तेल त्यांतून वगळले. इटलीची सैन्यवाहू जहाजे ज्या मार्गाने जात होती, तो सुवेझ कालवाही खुलाच राहिला. हिटलरविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूस राहावा, ही ब्रिटन आणि फ्रान्स यांची आशा होती. डिसेंबरमध्ये या दोन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी इथिओपियाचा मोठा प्रदेश इटलीला देण्याची गुप्त योजना आखली. ती वृत्तपत्रांत फुटल्यावर लोकक्षोभामुळे मागे घ्यावी लागली.

मे १९३६ मध्ये राजधानी आदिस अबाबा पडली. महिनाअखेर नव्हे, तर जूनच्या शेवटी सम्राट हैले सेलासी यांनी जीनिव्हात राष्ट्रसंघापुढे स्वतः कैफियत मांडली. पुढच्याच महिन्यात इटलीवरील निर्बंध उठवण्यात आले. इथिओपिया गेला आणि मुसोलिनीही हिटलरच्या गोटात गेला.

म्युनिकची तडजोड

युरोपचे लक्ष इथिओपियाकडे असताना, ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने निर्लष्करी ठरवलेल्या ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घुसवले. फ्रान्सने प्रतिकार केला नाही. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यात आला. त्यानंतर हिटलरने झेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटनलँड भागावर दावा सांगितला. तेथे सुमारे तीस लाख जर्मनभाषक राहत होते.

सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन तीन वेळा विमानाने जर्मनीला गेले. अखेर म्युनिक येथे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांच्यात करार झाला आणि सुडेटनलँड जर्मनीला देण्यात आले. ज्याच्या भूमीचा निर्णय होत होता, त्या झेकोस्लोव्हाकियाला वाटाघाटींत स्थान नव्हते. त्याच्याशी मैत्रीचा करार असलेल्या सोव्हिएत संघालाही निमंत्रण नव्हते.

या तडजोडीने शांतता टिकली ती जेमतेम साडेपाच महिने. झेक सीमेवरील तटबंदी सुडेटनलँडबरोबरच जर्मनीकडे गेली होती. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले, तेव्हा प्रतिकाराची साधनेच उरली नव्हती. स्कोडासारखे शस्त्रनिर्मितीचे मोठे कारखानेही हिटलरच्या हाती आले आणि झेक बनावटीचे रणगाडे पुढे पोलंड व फ्रान्सवरील स्वाऱ्यांत वापरले गेले. युद्ध टाळण्यासाठी दिलेली सवलत अशा रीतीने आक्रमकाचे बळ वाढवणारी ठरली.

चेंबरलेन यांच्या धोरणावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानीची आठवण ताजी होती, जनमत युद्धाच्या विरोधात होते आणि ब्रिटनची हवाई संरक्षणव्यवस्था अपुरी होती. मिळालेल्या अवधीत ब्रिटनने रडार केंद्रांची साखळी आणि नवी लढाऊ विमाने सज्ज केली, हेही खरे. मात्र तोच अवधी जर्मनीलाही मिळाला, हे विसरता येत नाही.

मॉस्कोतील हुकलेली संधी

प्रागच्या पाडावानंतर ब्रिटनने धोरण बदलले आणि मार्चअखेरीस पोलंडला संरक्षणाची हमी दिली. परंतु पोलंडला प्रत्यक्ष मदत पोहोचवायची, तर सोव्हिएत संघाचे सहकार्य अपरिहार्य होते. ऑगस्ट १९३९ मध्ये ब्रिटन व फ्रान्सची लष्करी शिष्टमंडळे मॉस्कोला निघाली, ती विमानाने नव्हे, तर संथ गतीच्या जहाजाने. ब्रिटिश शिष्टमंडळाच्या प्रमुखांकडे करार करण्याचे लेखी अधिकारपत्रही नव्हते. सोव्हिएत सैन्याला आपल्या भूमीतून जाऊ देण्यास पोलंड तयार नव्हता आणि त्यामागे त्याची रास्त भीती होती. वाटाघाटी अडल्या.

म्युनिकपासून पाश्चात्त्य देशांविषयी साशंक झालेल्या स्टालिनने दुसरा मार्ग पत्करला. २३ ऑगस्ट रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. त्यासोबतच्या गुप्त मसुद्यात पोलंडसह पूर्व युरोपची वाटणी ठरली होती. नऊ दिवसांनी युद्धास तोंड फुटले. १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत सैन्यही पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आणि जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर या युद्धाने खऱ्या अर्थाने जग व्यापले.

न विचारलेल्या देशांनी मोजलेली किंमत

झेकोस्लोव्हाकियाप्रमाणेच भारतालाही कोणी विचारले नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांशी किंवा मध्यवर्ती कायदेमंडळाशी सल्लामसलत न करता भारत युद्धात सामील झाल्याचे घोषित केले. काँग्रेसचा फॅसिझमला विरोध होता. स्वातंत्र्यासाठी लढले जाणारे युद्ध पारतंत्र्यातील देशाने कसे लढावे, हा तिचा प्रश्न होता. निषेध म्हणून प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतातील बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळही त्यांत होते.

तरीही या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात दाखल झाले. ज्या इटलीला १९३५ मध्ये तेलबंदीने रोखता आले असते, असे अनेक अभ्यासक मानतात, तिच्याशी १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत भारतीय सैन्याच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनला लढावे लागले. हैले सेलासी यांना राजधानी परत मिळाली ती अशा बलिदानांतून. पुढे इटलीच्या भूमीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

संयुक्त राष्ट्रांची रचना

या अनुभवातून १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. भारत त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आहे. सर्व सदस्यांवर बंधनकारक असे निर्बंध घालण्याचे आणि गरज पडल्यास लष्करी कारवाई मंजूर करण्याचे अधिकार त्याच्या सुरक्षा परिषदेस देण्यात आले. मात्र पाच स्थायी सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरल्यास हे अधिकार निष्प्रभ होतात. त्यामुळे राष्ट्रसंघापुढे जो प्रश्न होता, तो पूर्णपणे सुटलेला नाही. आक्रमणाचा निषेध करणारे ठराव १९३३ मध्येही प्रचंड बहुमताने संमत झाले होते. उणीव होती ती त्यांची अंमलबजावणी करण्याच्या इच्छाशक्तीची.