आधी फाईल, मग फॉर्म

डिसेंबर सरत आला की बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईतल्या महाविद्यालयांच्या रस्त्यावर ऑनलाइन सेंटरांमधली गर्दी बदलते. पीकविम्यासाठी येणारी माणसं कमी होतात आणि बटणाची प्लास्टिक फाईल हातात धरलेली, बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली दिसू लागतात. सीयूईटी-पीजीचे फॉर्म सुटलेले असतात. केंद्रीय विद्यापीठांमध्ये एम.ए., एम.एस्सी. करायचं असेल तर २०२२पासून बहुतेकांचा रस्ता या एका परीक्षेतून जातो, आणि परीक्षा मार्चमध्ये असते. म्हणजे पदवीचं शेवटचं सत्र अजून अर्धंही झालेलं नसतं तेव्हा पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरून टाकावा लागतो.

मी ज्या सेंटरमध्ये बसून हे काम पाहिलं तिथे दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक झेरॉक्स मशीन आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पांढरा फ्लेक्स आहे. फ्लेक्स फोटोसाठी. चेहरा ऐंशी टक्के दिसला पाहिजे, कान झाकलेले नकोत, मागची बाजू पांढरी हवी, असा राष्ट्रीय परीक्षा संस्थेचा, म्हणजे एनटीएचा नियम. सेंटर चालवणारा तरुण स्वतः एम.ए. आहे, मुलं त्याला दादा म्हणतात. कुठे शिकायचंय, कोणता विषय घ्यायचाय, हे दादा सुरुवातीला विचारतच नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "फाईल आणलीस का?"

मग फाईलमधले कागद टेबलावर पसरले जातात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या झालेल्या सत्रांच्या गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, रहिवासी, उत्पन्न. दादा कागद वाचत नाही, कागदावरच्या दोन जागा बघतो: नाव आणि तारीख. बहुतेक अर्ज तिथेच अडकतात.

नावाची गोष्ट आधी. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बऱ्याचदा स्वतःचं नाव पहिलं. फॉर्मवर नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचं असतं आणि ओळख मात्र आधारने पटवायची असते. त्यात स्पेलिंग. ज्ञानेश्वर इंग्रजीत 'डी'ने सुरू होतो की 'जी'ने, याचं उत्तर शाळेच्या क्लार्कने एक दिलेलं असतं आणि आधार केंद्रावरच्या ऑपरेटरने दुसरं. पदवी करता करता लग्न झालेल्या मुलींच्या आधारवर नवऱ्याचं नाव चढलेलं असतं. मग विवाह नोंदणी किंवा राजपत्र. एक मुलगा म्हणाला, "दादा, एका अक्षराचाच फरक हाय." दादाने मान वर न करता सांगितलं, "मशीनला एक अक्षर पुरतं."

नंतर प्रवर्ग. इथे बीडच्या मुलांची गाडी हमखास थांबते. एनटीएच्या फॉर्मवर पाचच पर्याय दिसतात: खुला, ईडब्ल्यूएस, ओबीसी नॉन-क्रीमी लेयर, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती. एनटी 'ड' नावाचा पर्यायच नाही. बीड जिल्ह्यात वंजारी समाज मोठा; राज्याच्या यादीत तो भटक्या जमाती 'ड'मध्ये, २ टक्क्यांत. केंद्राच्या यादीत हा गट नसल्याने वंजारी तिथे ओबीसीत, २७ टक्क्यांत येतात. धनगर राज्यात 'क'मध्ये, ३.५ टक्क्यांत, केंद्रात तेही ओबीसी. मराठा विद्यार्थ्याला राज्यात २०२४च्या कायद्याने एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आहे, पण केंद्रीय संस्थेत त्या दाखल्याचा उपयोग नाही. तिथे अटींत बसत असेल तर ईडब्ल्यूएस, आणि कुणबी दाखला असेल तर ओबीसी. लहानपणापासून फीमाफीच्या आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर 'एनटी-डी' लिहीत आलेली मुलगी 'ओबीसी'वर क्लिक करायला घाबरते. खोटं लिहितोय असं तिला वाटतं. मागे उभे असलेले वडील विचारतात, "आपण ओबीसी कधी झालो?" दादा समजावतो. हे समजावणं त्याच्या फॉर्म भरण्याच्या दरात धरलेलं नसतं.

प्रवर्ग कळला तरी दाखला बदलावा लागतोच. राज्याचा नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मराठीत असतो, तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीचा मिळू शकतो, आणि त्यावर ३१ मार्चची मुदत छापलेली असते. केंद्राला स्वतःच्या नमुन्यातला, इंग्रजीतला आणि चालू आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला दाखला हवा असतो. जानेवारीत फॉर्मवर ज्या दाखल्याचा नंबर टाकला तो जुलैच्या प्रवेशापर्यंत शिळा होतो. एप्रिल उजाडला की पुन्हा महा ई-सेवा केंद्र, पुन्हा तहसील. हे ज्याला माहीत आहे तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकतो. ज्याला माहीत नाही त्याला जुलैत, प्रवेशाला थोडे दिवस उरले असताना कळतं, आणि त्या वेळी तहसीलच्या दारात अख्ख्या तालुक्यातले बारावीवाले उभे असतात.

राज्यातल्या प्रवेशाची अट वेगळी आणि जास्त खोल. एमबीए, एमसीए, एम.एड.सारख्या अभ्यासक्रमांची परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. एमबीएच्या सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून मुलांना ती सोपी वाटते. पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि तो कागद आजोबा-पणजोबांपर्यंत जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा जिल्हा पडताळणी समिती मागते. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्या घरातली पहिली पदवीधर मुलगी काय आणणार? मग महसुली नोंदी, कोतवाल बुक, चुलत्याची वैधता, वंशावळीचं शपथपत्र. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने जुन्या नोंदी कधी उर्दूत, कधी मोडीत सापडतात. त्या वाचणारा माणूस शोधणं हे आणखी एक काम. समितीकडे अर्ज केल्याची पावती दाखवून तात्पुरतं पुढे जाता येतं, पण ठरलेल्या दिवसापर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर विद्यार्थी खुल्या गटात ढकलला जातो. गुण तेच राहतात, यादीतली जागा बदलते.

ही सगळी छाननी पार पडली की फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. अडतो तो पेपरच्या निवडीवर. सीयूईटी-पीजीत विषयागणिक पेपरचा कोड असतो, आणि कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर चालतो हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. एकाच विषयाच्या एम.ए.साठी दोन विद्यापीठं दोन वेगळे पेपर मागू शकतात. प्रत्येक जादा पेपरचे पैसे वेगळे, म्हणून मुलं हिशेब करत बसतात. २०२५ साली पेपर असा होता: ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. भाषेचे आणि काही मोजके पेपर सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. बारावीनंतरची सीयूईटी मराठीतून देता येते, पदवीनंतरची नाही. तीन वर्षं मराठीतून इतिहास शिकलेला मुलगा इथे इंग्रजी आणि हिंदी यांत कमी अनोळखी काय ते निवडतो.

आणि मग सगळ्यात महागडा गैरसमज. एनटीएचा फॉर्म भरला म्हणजे विद्यापीठाला अर्ज केला, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. दिल्ली विद्यापीठाचं स्वतःचं पोर्टल, जेएनयूचं स्वतःचं, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं स्वतःचं. प्रत्येक ठिकाणी वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळी शेवटची तारीख. अंबाजोगाईच्या मुलांना या शेवटच्या संस्थेचं आकर्षण जास्त, कारण तिचं ग्रामीण केंद्र १९८६पासून तुळजापुरात, शेजारच्याच जिल्ह्यात आहे. देवीला वर्षातून एकदा जाणाऱ्या घरांनाही तिथे एम.ए. होतं हे ठाऊक नसतं. मार्चची परीक्षा चांगली देऊन, गुणही चांगले मिळवून, संस्थेची नोंदणी न केल्याने बाहेर राहिलेली मुलं या टेबलाशी येतात. दादाकडे त्यांच्यासाठी एकच उत्तर असतं: "पुढच्या वर्षी."

ईमेलचंही असंच. विद्यार्थ्याचा ईमेल सेंटरनेच काढून दिलेला असतो, पासवर्ड सेंटरच्या वहीत. मुलाखतीचं पत्र, जागा मिळाल्याचा निरोप तिथे येऊन पडतो आणि मुलगा ऊसतोडीला गेलेल्या आईबापांकडे कर्नाटकात असतो. या सेंटरमध्ये आता पाटी आहे: ईमेल आणि पासवर्ड स्वतःच्या मोबाइलमध्ये असल्याशिवाय फॉर्म भरला जाणार नाही. फॉर्म भरल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात, पण मोबाइल नंबर आणि ईमेल तेव्हाही बदलता येत नाहीत.

दादाला भरता येत नाही असा एकच कागद असतो: स्वतःविषयी लिहायचं ते पान. काही संस्था ते अर्जासोबत मागतात, काही तेच मुलाखतीत विचारतात. मुलं त्याला एसओपी म्हणतात आणि मोबाइलवर तयार सापडतं ते उतरवतात. समाजकार्याला अर्ज करणाऱ्या एका मुलीने इंग्रजीत लिहून आणलं होतं की ती कष्टाळू आहे, तिला समाजाची सेवा करायची आहे आणि तिला लहानपणापासून वाचनाची आवड आहे. तिच्या महाविद्यालयातले एक सर योगायोगाने तिथे होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"सुट्टीत काय करतेस?"

"काही नाही सर. मुकादमाच्या उचलीचा हिशेब ठेवते."

"कुणाचा?"

"आमच्या वस्तीवरच्या कोयत्यांचा. किती उचल घेतली, किती टन झालं, किती फिटली. लोक माझ्याकडून वाचून घेतात."

कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम, जी तोडणीच्या मजुरीतून फेडायची. मुकादमाच्या वहीशी ताडून बघायला दुसरी वही असणं ही त्या वस्तीवर मोठी गोष्ट आहे. सरांनी तिला तेवढंच लिहायला सांगितलं, आधी मराठीत. कोणाची उचल किती वर्षं फिटत नाही, त्यात बाईची मजुरी वेगळी का धरत नाहीत, हे तिने वहीच्या पानावर भरभर लिहिलं. इंग्रजी नंतर साधी ठेवली. तिला समाजकार्य का शिकायचंय हे त्या पानावरून कुणालाही कळलं असतं, पण ते लिहिण्यासारखं आहे हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

जून-जुलैत दुसरी फेरी सुरू होते. शेवटच्या सत्राचा निकाल लांबलेला, केंद्रीय विद्यापीठांच्या याद्या लागलेल्या, राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या चालू. कॅपमध्ये पसंतीक्रम मनापासून भरावा लागतो, कारण पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली की ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेरीचा रस्ता बंद होतो. 'जवळचं आहे' म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मग गळ्यात पडतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि पदवीच्या महाविद्यालयाचा टीसीही. हातातली जागा सोडून चांगल्या ठिकाणी जाणाऱ्यांना पैसे बुडण्याची भीती असते. यूजीसीने ऑक्टोबर २०१८मध्ये याविषयी नियम काढला आहे: प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी परत, मग ९०, ८०, ५० टक्के अशी उतरण, आणि त्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही नाही. मूळ कागदपत्रं संस्थेने अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्यातच आहे. फी मागायला जाताना या नियमाची प्रत खिशात ठेवावी.

हे काम पाहून माझं मत असं झालं आहे. पदव्युत्तर प्रवेशात गावाकडच्या मुलांचं नुकसान होतं ते प्रश्नपत्रिकेआधीच, कागद कोणत्या महिन्यात काढायचा हे माहीत नसल्यामुळे. हे ज्ञान अवघड नाही, पण आज ते महाविद्यालयाच्या वर्गात मिळत नाही. फाटकाबाहेरच्या दुकानात, फॉर्ममागे थोडे पैसे घेणाऱ्या तरुणाकडे मिळतं. यवतमाळमध्ये सुरू झालेल्या 'एकलव्य'सारख्या संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना असं मार्गदर्शन करतात, पण प्रत्येक तालुक्यात त्या पोहोचणार नाहीत. महाविद्यालय तिथे आधीच आहे. प्राचार्यांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच एक दिवस ठरवून प्रत्येक विद्यार्थ्याची फाईल तपासावी आणि वैधतेचे अर्ज तेव्हाच समितीकडे पाठवावेत. त्याला वेगळा निधी लागत नाही.

आणि तुमच्या घरात कोणी पदवीच्या वर्गात असेल तर प्राचार्यांची वाट पाहू नका. आज संध्याकाळी दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षराअक्षराने जुळवा, आणि वैधतेचा अर्ज केलेला नसेल तर याच महिन्यात करा.