ऑपरेशननंतर एसजीपीटी का वाढतं? जिगरवर वार दोनदा होतो

अब्बांच्या यकृतातली गाठ काढली. ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर सांगून गेले. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला तर एसजीपीटी चाळीसच्या जागी चारशे! आयसीयूबाहेर कुजबुज सुरू होते, "ऑपरेशन बिघडलं का? डॉक्टर काही लपवतात का?" रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि कोणी काढा सुचवतं, कोणी दवाखाना बदलायला सांगतं. असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो, म्हणून या आकड्यामागचं कारण आपण समजून घेऊ या.

रक्त मुद्दाम का थांबवतात?

यकृत, म्हणजे आपल्या बोलीतलं जिगर, रक्ताने भरलेला अवयव आहे. मोठ्या माणसाच्या यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येतं आणि उरलेलं धमनीतून. असा अवयव कापायचा म्हणजे रक्तस्राव होणारच. म्हणून सर्जन गरजेप्रमाणे या दोन्ही वाहिन्या थोडा वेळ चिमट्यासारख्या क्लॅम्पने बंद करतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी 1908 साली ही युक्ती मांडली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

खरा घोटाळा रक्त परत आल्यावर

रक्त थांबलं की ऑक्सिजन थांबतो. पेशींचं इंधन संपत जातं, आत आम्ल साठतं, पेशी सुजतात. हा झाला पहिला वार. रक्त सोडलं की सगळं ठीक होईल, असं आपल्याला वाटतं. पण दुसरा वार नेमका तेव्हाच बसतो.

लोडशेडिंगनंतर लाइट येते तेव्हा काय होतं ते आठवा. एकदम जास्त व्होल्टेज येतं आणि फ्रिज-टीव्ही जळतो. तसंच काहीसं इथे होतं. उपाशी पेशींमध्ये अचानक ऑक्सिजन शिरला की फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशींची आवरणं खराब करतात. यकृतात पहारा देणाऱ्या कुफर पेशी खवळतात आणि धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. ते ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि रक्षण करता करता स्वतःच्याच घराचं नुकसान करतात. बारीक वाहिन्या सुजून तुंबतात. हे काम काही तास, कधी त्याहून जास्त चालतं. जखमी पेशी फुटतात तेव्हा आतले एसजीओटी, एसजीपीटी रक्तात उतरतात. रिपोर्टमधले चारशे तिथून आलेले असतात.

डॉक्टर काय काळजी घेतात?

सर्जन सलग तासभर रक्त बंद ठेवायचं टाळतात. साधारण 15 मिनिटं बंद, 5 मिनिटं चालू, पुन्हा बंद, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. प्रत्यारोपणात यकृत शरीराबाहेर असतं, म्हणून ते खास द्रावणाने धुऊन 4 अंशांच्या आसपास थंड ठेवतात. थंडीत पेशींची भूक कमी होते, पण वेळेला मर्यादा असतेच. मुंबई-पुण्यात अवयव नेताना ग्रीन कॉरिडॉरसाठी रस्ता मोकळा करतात तो याच कारणाने. आता यकृताला बर्फाऐवजी शरीराच्या तापमानावर रक्त पुरवत ठेवणारी मशीनही आली आहे. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने युरोपात 220 प्रत्यारोपणांचा अभ्यास झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला, आणि मशीनवर ठेवलेल्या यकृतांना इजा निम्म्याने कमी दिसली.

"आमच्या घरात कोणी दारूला शिवत नाही"

हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. पण फॅटी लिव्हरला दारूच लागते असं नाही. डायबेटीस, वाढलेलं पोट, गोड आणि तळलेलं खाणं, बसून काम, एवढंही पुरतं. आणि चरबी साठलेलं यकृत हे दोन्ही वार कमी सोसतं. सिरॉसिस असेल, किंवा आधी केमोथेरपी झाली असेल, तरी तेच. म्हणून ऑपरेशनला वेळ असेल तर डॉक्टरांना विचारून आहार आणि वजन सांभाळा, साखर ताब्यात ठेवा. स्वतःच्या मनाने उपाशी राहू नका. हकीमाची दवा, जडीबुटी, वजन कमी करायची पावडर, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना खुलेपणाने सांगा. त्यातल्या काही गोष्टी यकृतालाच त्रास देतात.

रिपोर्ट कसा बघायचा?

एकच आकडा धरून बसू नका, उतार बघा. एसजीओटी-एसजीपीटी पहिल्या एक-दोन दिवसांत चढून मग रोज उतरत असेल तर यकृत सावरतंय असं साधारणपणे समजतात. डॉक्टरांचं लक्ष बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे आयएनआर, यांवर जास्त असतं, कारण यकृत काम करतंय की नाही हे त्यातून कळतं. पाचव्या दिवसाच्या आसपासही हे दोन्ही बिघडलेले असतील, कावीळ वाढत असेल, पेशंट गुंगीत जात असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर ती गंभीर बाब आहे. लगेच डॉक्टरांना गाठा.

ऑपरेशनआधी घरातल्या एकाने पुढे होऊन तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. रक्त थांबवावं लागेल का, आणि किती वेळ? यकृतात चरबी किती आहे? कापल्यावर उरणारं यकृत पुरेल का? यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. सहीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी हे समजून घेणं आपला हक्क आहे.

यकृताला अल्लाहने एक मोठी देणगी दिली आहे. कापलेलं यकृत पुन्हा वाढतं. त्याला त्यासाठी थोडे दिवस द्या. दुआ करा, डॉक्टरांशी बोलत राहा, आणि ग्रुपवरच्या सल्ल्याने उपचार मध्येच सोडू नका.