मुधोळचा राजा आणि कारवानी कुत्रा

रानात मेंढरांचा तळ पडलेला असतो. तिथे उंच पायांचा, लांबोळक्या तोंडाचा, पोट पाठीला लागलेला एखादा कुत्रा तुम्ही पाहिला असेल. नवखा माणूस विचारतो, "काय हो पाटील, याला खायला घालता की नाही?" धनगर नुसता हसतो. कुत्रा उपाशी नसतो, त्याची घडणच तशी असते. छाती खोल, कंबर बारीक, अंगावर आखूड केस. हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर धावतो. त्याला आपल्याकडे कारवान किंवा कारवानी म्हणतात. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अशा तांड्यांबरोबर तो पश्चिमेकडून दक्षिणेत आला, असे मानतात.

हाच कुत्रा आज जगात 'मुधोळ हाउंड' म्हणून ओळखला जातो. हे नाव एका राजाच्या नादातून आले. नाद चांगला होता. पण एका श्रीमंत माणसाच्या नादाचा परिणाम जनावरांच्या किती पिढ्यांवर होतो, हे आज पाहायचे आहे.

मुधोळ हे घटप्रभेच्या काठचे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. ते 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1956 पासून तो मुलूख कर्नाटकात आहे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे 1937 साली वारले. त्यांच्या मुलखातले बेरड आणि धनगर हे कुत्रे शिकारीला व राखणीला बाळगीत. राजेसाहेबांची नजर या कुत्र्यांवर गेली. त्यांनी चांगली जोडपी निवडून वाढवली. एक जोडी त्यांनी विलायतेत पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली, असे सांगतात. तेव्हापासून मुधोळचे नाव कुत्र्याला चिकटले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. राजाने ही जात घडवली नाही. ती घडवली उन्हातान्हात हिंडणाऱ्या माणसांनी. ज्याची धाव कमी, ज्याची छाती भरून येते, त्याची पैदास त्यांनी पुढे नेली नाही. राजाने काय केले? निवड केली, पैसा घातला आणि नाव मिळवून दिले. पण जो निवडतो, त्याचीच आवड पुढे वंशात उतरते.

विलायतेतही असेच घडले. तिथले फॉक्सहाउंड नजरेवर नव्हे, तर वासावर टोळीने कोल्ह्याचा माग काढतात. ह्यूगो मेनेल नावाच्या धनिक जमीनदाराने 1753 साली लेस्टरशायरमध्ये अशी टोळी हाती घेतली आणि जवळजवळ पन्नास वर्षे जोपासली. त्याला तीव्र नाक हवे होते आणि वेगही हवा होता. त्याच परगण्यात रॉबर्ट बेकवेल हा शेतकरी मेंढ्या व गुरे निवडून सुधारत होता. मेनेलच्या कुत्र्यांचे रक्त पुढे इतरांच्या टोळ्यांत गेले. 1878 साली पीटरबरोला फॉक्सहाउंडांचे प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा मेनेलला जाऊन सत्तर वर्षे झाली होती. तरी पंचांपुढे उभी राहिलेली घडण त्याच्याच काळातल्या निवडीची होती.

असे का होते? गुरुजींनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा. मादीला वर्षातून एक, फार तर दोन वेळा पिल्ले होतात. नराला मात्र अनेक माद्या दाखवता येतात. म्हणून एक नावाजलेला नर थोड्याच वर्षांत साऱ्या मुलखाचा बाप होतो. त्याच्या पिल्लांत त्याचा अर्धा वाटा, नातवंडांत सरासरी पाव, पतवंडांत आठवा. पण हीच नातवंडे एकमेकांशी जोडली, की त्याचे रक्त पुन्हा दाट होते. गुण पक्के होतात हे खरे, पण लपलेले दोषही वर येतात. एखादा दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला, की पिल्लू आंधळे, बहिरे किंवा दुबळे निघू शकते.

प्रदर्शनामुळे आणखी एक पेच पडतो. पंच रिंगणात उंची मोजतो, मान आणि शेपूट पाहतो, पण मैलभर धावल्यावरचा दम त्याला दिसत नाही. पूर्वी ही परीक्षा रान घेत असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकारही गुन्हा ठरली आणि ते योग्यच झाले. विलायतेतही 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद केली. रानाची परीक्षा संपली आणि सारा भार रिंगणावर आला.

तरी काम संपलेले नाही. मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला या कुत्र्यांचे संशोधन केंद्र आहे. 2016 च्या सुमारास तिथली पिल्ले मेरठला लष्कराच्या शिक्षणासाठी गेली. 2005 साली मुधोळ हाउंडचे टपाल तिकीट निघाले. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत मात्र तो अजून 'कारवान हाउंड' आहे. एकाच कुत्र्याची दोन नावे: एक राजाचे, एक तांड्याचे.

आपल्या इगतपुरीच्या डांगी गाईचेही असेच आहे. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून मुसळधार पावसात ती टिकते. उद्या कोणी नुसता देखणा रंग पाहून वळू निवडू लागला आणि कातडी विसरला, तर बक्षीस मिळेल, पण गाय पावसात उभी राहणार नाही.

म्हणून कुत्रा असो की वळू, तीन गोष्टी पाळा. नर निवडताना आधी त्याचे काम पाहा, मग रूप. त्याचे आईबाप कोण, याची वहीत नोंद ठेवा. आणि एकाच नराच्या लेकी त्यालाच किंवा त्याच्या लेकांना दाखवू नका, दुसऱ्या गावचा नर आणा. वही दोन रुपयांची असो की दहाची, राजाच्या खजिन्याने जे साधले ते गावाला तिच्यातून साधता येईल, आणि एका माणसाच्या आवडीवर सारी जात टांगलेली राहणार नाही.