पिंजरा मागण्यापूर्वी

बिबट्या दिसला की आपल्याकडे पहिली मागणी होते ती पिंजऱ्याची. 'जनावर पकडा आणि लांब नेऊन सोडा,' असे निवेदन घेऊन माणसे कचेरीवर जातात. निवेदने नेण्यात माझा जन्म गेला, तेव्हा त्या माणसांचा मला राग येत नाही. मात्र मागणीच चुकीची असली, तर ती मान्य होऊनही नुकसान आपलेच होते.

ह्याचा पुरावा जुन्नरचा आहे. तो मुलूख उसाचा, आणि उसाच्या आडोशाला मादी पिले वाढवते. २००१ ते २००३ ह्या काळात तेथील बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले.

असे का व्हावे? पूर्वी गिरणीच्या दाराशी बदली कामगार उभा असे. आतला एक गेला की जागा भरली जाई. बिबट्याचेही तसेच. आपल्या हद्दीत तो दुसऱ्या नराला टिकू देत नाही. त्याला उचलले की मोकळ्या जागेत एखादा नवखा तरुण शिरतो. आणि उचललेला? तो अनोळखी मुलखात बिथरून फिरतो, किंवा परत निघतो.

२००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडला. 'आजोबा' हे नाव त्याला तेव्हाच पडले. तो सुमारे १२० किलोमीटर चालला, कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, आपल्या वज्रेश्वरीच्या पाठीशी असलेला तुंगारेश्वर गाठला, वसईची खाडी पोहला आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला दुखावले नाही. २०११ साली हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ प्यूमा नावाच्या मोठ्या मांजरांसाठी हमरस्त्यावरून पूल बांधण्याचे काम २०२२ साली सुरू झाले, ते असल्याच मरणांमुळे.

बोरिवलीचे ते उद्यान अवघे १०४ चौरस किलोमीटरचे. २००४ च्या सुमारास तेथे हल्ल्यांनी कहर केला होता. २०११ पासून वनखात्याने नागरिकांना हाताशी धरून वेगळी वाट घेतली : वस्त्यांतून माहिती देणे, कचऱ्याचा प्रश्न धसास लावणे, गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना तयार करणे. कारण साखळी साधी आहे. उकिरड्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हल्ले पुष्कळ कमी झाले. बिबटे मात्र तेथेच आहेत. आरे वसाहतीत २०२१ आणि २०२२ साली पुन्हा रक्त सांडले, हेही लपवता कामा नये.

आता हल्ल्यात सापडते कोण, ते पाहा. अंधारात एकटे बाहेर गेलेले मूल, किंवा घरात संडास नाही म्हणून झुडपापाशी बसलेली बाई. बसलेला माणूस उंचीने कुत्र्याएवढा भासतो. उभा माणूस त्याच्या नेहमीच्या सावजात बसत नाही. बंगल्यातला माणूस ह्यात क्वचितच सापडतो. म्हणून मी म्हणतो, हा प्रश्न जनावराचा जितका, तितकाच वस्तीचा आहे. वारली लोक वाघोबाला पुजतात, त्याच्या वाटेला मान देतात. पण वारल्याच्या पाड्यावरही दिवा आणि संडास हवाच.

यंत्रमागावरून रात्री सुटणाऱ्यांनी डोंगराकडेची वाट दोघांतिघांनी, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत चालावी. मुलांना मधे ठेवावे. बिबट्या घरात वा गोठ्यात अडकलाच, तर घेराव घालू नये. घेराव मालकाला घालायचा असतो. जनावराला निघायला वाट ठेवावी, दार लांबून लावता आले तर लावावे आणि वनखात्याला १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. आणि निवेदन लिहायला बसलात, तर पहिले कलम कचरा उचलण्याचे घाला, दुसरे संडासाचे, तिसरे दिव्यांचे. ते वनखात्याकडे नव्हे, नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे न्यायचे आहे.