मुंबईचं क्रूझ टर्मिनल : जहाजांचा स्टँड, पण कोणासाठी?

भूगोलाच्या तासाला मुंबई बंदर शिकवत होते. एका मुलाने विचारलं, "टीचर, क्रूझ टर्मिनल म्हणजे जहाजांचा एसटी स्टँडच ना?" बरोबर आहे, पण अर्धंच.

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरलात की बॅलार्ड पिअर जवळच आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. खर्च सुमारे 556 कोटी रुपये. एसटीतून पन्नास माणसं उतरतात. मोठ्या क्रूझमधून दोन-तीन हजार एकदम उतरतात, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी तेवढीच चढतात. सामानाची तपासणी, पासपोर्ट, शिक्का हे सगळं काही तासांत. म्हणूनच इथे 72 काउंटर आहेत. क्षमता वर्षाला 10 लाख प्रवाशांची. आणखी एक गंमत: भरती-ओहोटीत मुंबईचं पाणी चार मीटरहूनही जास्त वर-खाली होतं, त्याबरोबर जहाजही. त्यामुळे चढायचा जिना पक्का बांधून चालत नाही, तोही जहाजासोबत हलावा लागतो.

आपल्या घरांत मुंबई बंदर म्हटलं की हजच आठवतो. 1995 पर्यंत मुंबईहून जिद्द्याला हाजींची जहाजं जायची. माझे दादाजान असेच गेले होते. निघण्याआधी मुसाफिरखान्यात मुक्काम, मग बंदरावर पेट्या-वळकट्यांसह तासन्तास उन्हात रांग. निरोप द्यायला आलेले फाटकाबाहेरच. दादीजान सांगायच्या, जहाज दिसलंच नाही, फक्त भोंगा ऐकला.

आज एसी हॉल आहे, बसायला जागा आहे. चांगलंच आहे. पण फाटकाबाहेरच्यांचं काय? पासपोर्ट तपासणीच्या पुढे सगळ्यांना सोडता येणार नाही, हे मान्य. मात्र इमारतीचे खालचे दोन मजले प्रवाशांसाठी आणि वरचे दुकानं-व्यवसायांसाठी आहेत. तिथं तिकीट नसलेल्या माणसाला चहा पीत जहाज बघता आलं पाहिजे. पैशात सार्वजनिक वाटा आहे, मग खिडकीही सार्वजनिक हवी. दुकानांत परदेशी परफ्यूमशेजारी आपली सोलापुरी चादर, टॉवेल दिसले तर इथल्या मागवाल्यांनाही दोन पैसे मिळतील.

पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे क्रूझ जवळपास थांबतात. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा हॉल बराचसा रिकामाच असेल. त्या दिवसांत सहलीची परवानगी मिळते का, हे विचारणारं पत्र बंदर प्राधिकरणाला लिहायचं ठरवलंय. मजकूर वर्गातली मुलंच लिहिणार आहेत, उर्दूत आणि मराठीत.