बाजार-पाहणीचा खर्च कोण सोसतो?

बियाणे, खते, पंप यांविषयी प्रश्न विचारणारे पाहणीदार खेड्यांत येतात व उत्तरांबद्दल कित्येकदा अल्प मोबदलाही देतात. हा पैसा कोठून येतो, हे शेतकरी बंधूंनी जाणून घेणे हिताचे आहे.

नवा माल विक्रीस आणू इच्छिणारी कंपनी पाहणीचे काम संशोधन संस्थेकडे सोपविते. गावे, कुटुंबे व प्रश्न किती, यांवरून संस्थेचा आकार ठरतो. पाहणीदाराचे वेतन, प्रवास, उत्तरांची छाननी व शेतकऱ्याचा मोबदला त्यातूनच भागतो. कधी अनेक कंपन्या एकाच पाहणीचा खर्च वाटून घेतात. अखेर हा खर्च मालाच्या किमतीतूनच वसूल होतो.

सरकारी पाहणीचे तसे नाही. १९३५ साली केंद्र सरकारने स्थापिलेल्या कृषी पणन सल्लागार कार्यालयाने १९३७ साली गव्हाच्या विक्रीव्यवस्थेचा अहवाल प्रसिद्ध केला. असा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो व अहवाल सर्वांस खुला असतो. खासगी अहवाल मात्र पैसे देणाऱ्याच्या मालकीचा राहतो. त्याला हवे तेच प्रश्न त्यात विचारले जातात.

यास्तव पाहणी कोणासाठी आहे, हे प्रथम विचारावे. पैसा कंपनीकडून शेतकऱ्याकडे यावयाचा असतो. जो उलट नोंदणी-शुल्क मागतो, तो पाहणीदार नव्हे, असे समजावे. बँक खात्याचा तपशील अथवा भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत अवश्य समजावून द्यावी.