जिन्यातली हिरवी पाटी

मंडळाचा कार्यक्रम संपला की आपली सगळी गर्दी लिफ्टपाशी! परवा हॉलचे दिवे गेले, तेव्हा कुठे जिन्याच्या दारावरची अंधारात चमकणारी हिरवी पाटी आम्हाला दिसली.

२१ नोव्हेंबर १९७२ रोजी राफल्स प्लेसमधले रॉबिन्सन्सचे दुकान जळाले. नऊ जण गेले, बहुतेक वीज गेल्याने लिफ्टमध्ये अडकलेले.

या पाटीला वीज लागतच नाही. तिच्यातले स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट दिव्याचा उजेड पिऊन ठेवते आणि अंधारात सावकाश परत देते. म्हणजे आधी उजेड पोचायला हवा ना! आमच्या इमारतीत पाटीपुढेच कुणाची तरी खोकी रचलेली. दोन रविवार मागे लागलो, तेव्हा हलली. तुमच्या जिन्यात एकदा डोकावाच.